पास कोणाच्या हातचा?

गेल्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, एटापल्ली तालुक्यातील एक मुलगी आमच्या चंद्रपूरच्या घरी आली. तिचे नाव आम्ही येथे देत नाही. लेखाचा विषयच असा आहे की ते न देणे बरे. तिचे वडील आमचे विद्यार्थी. गडचिरोली जिल्ह्यात शिक्षकी पेशात आमची उमेदीची वर्षे गेली, त्या काळातील आमच्या वर्गातल्या मोजक्या माडिया मुलांपैकी ते एक. दोन वर्षांपूर्वी ते निवर्तले. मुलगी गडचिरोलीला खोली घेऊन राहते आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. चहा पुढे ठेवला तरी तिने कपाला हात लावला नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली कागदपत्रे काढून तिने ती आमच्या टेबलावर एकाखाली एक मांडली. आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला. मग म्हणाली, “सर, मी मीच आहो हे आता कोनाले सांगू?”

हकिगत अशी. चार वर्षांपूर्वी तिने पहिला स्मार्टफोन घेतला तेव्हा तालुक्याच्या गावातील दुकानदारानेच तिला एका मोठ्या समाजमाध्यमावर खाते उघडून दिले. तिचे सिम कार्ड अजून सुरू झालेले नव्हते, म्हणून त्याने स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला. नाव तिने तिच्या वयाला शोभेलसे घेतले. ते ‘एंजल’ या शब्दाने सुरू होत होते. आमच्या वाचकांचे देवदूतांशी वैर असण्याचे कारण नाही. परंतु आधार कार्डावर देवदूत नाहीत. पुढे जेथे जेथे नवे दार दिसले आणि त्यावर ‘या खात्याने प्रवेश करा’ अशी पाटी होती, तेथे तेथे तिने ती पाटी दाबली. परीक्षेच्या तयारीचे एक ॲप, ज्याचे वर्षाचे शुल्क तिने मजुरीच्या पैशांतून भरले होते. नोकरीच्या जाहिराती कळविणारे एक संकेतस्थळ. आणि छायाचित्रे साठवून ठेवणारे एक ॲप, ज्यात तिच्या वडिलांची पंडुमच्या दिवशीची अखेरची छायाचित्रे होती.

एके सकाळी मूळ खाते बंद झाले. संशयास्पद हालचाल दिसली, ओळख पटवा, असा संदेश आला. ओळख पटविण्याचा अंक गेला तो दुकानदाराच्या जुन्या क्रमांकावर. तो क्रमांक त्याने केव्हाच सोडला होता. ठरावीक काळ न वापरलेला क्रमांक बंद होतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळतो, ही आपल्या देशातील रीतच आहे. तिने त्या क्रमांकावर फोन केला तेव्हा पलीकडून कोणी परका गृहस्थ वैतागून बोलला. मग तिने आधार कार्डाचे छायाचित्र पाठविले. नाव जुळत नाही, असे उत्तर आले. उत्तर माणसाने दिले की यंत्राने, हे कळण्यास मार्ग नव्हता. मूळ दार बंद होताच त्याच्या चिठ्ठीवर उघडणारी बाकीची तीनही दारे बंद झाली.

हे सारे ऐकताना आम्ही मान खाली घालून बसलो होतो. कारण चार वर्षांपूर्वी हीच मुलगी फोन दाखवायला आली होती आणि तिला सल्ला देणारे आम्हीच होतो. ‘दहा ठिकाणी दहा पासवर्ड कशाला? सगळीकडे एकच खाते वापर, लक्षात राहील,’ असे आम्ही शिक्षकी थाटात सांगितले होते. तो सल्ला आम्ही कुठून शिकलो, आणि तो चूक होता की अर्धवट होता, याचा शोध घेणे आम्हांस भाग पडले.

आमची या जगाशी ओळख २००७ साली झाली. जटपुरा गेटच्या आतल्या बाजूस एक नेट कॅफे होता. प्लायवुडचे कप्पे, एक पंखा, आणि वीज गेली की अर्ध्या तासाचे पैसे परत मागणाऱ्या मुलांचा गलका. आमच्या पुतण्याने तेथे आम्हांस ऑर्कुटवर नेऊन बसविले. गूगलने जानेवारी २००४ मध्ये सुरू केलेले हे स्थळ ब्राझील आणि भारत या दोन देशांत विलक्षण लोकप्रिय झाले होते. सुरुवातीला तेथे निमंत्रणावाचून प्रवेश नसे. मित्रांनी एकमेकांविषयी चार बऱ्या ओळी लिहून द्यायच्या, एकमेकांच्या वहीत ‘स्क्रॅप’ टाकायचे, आणि आपले पान कोण पाहून गेले हेही दिसायचे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमच्याविषयी तेथे जे लिहिले, तेवढी स्तुती आम्हांस निवृत्तीच्या समारंभातही लाभली नाही. सप्टेंबर २०१४ अखेर ऑर्कुट बंद झाले. आपला मजकूर उतरवून घेण्यास गूगलने सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत दिली होती. आम्ही ती आळसात घालविली; त्या चार बऱ्या ओळी गेल्या त्या आमच्याच दोषाने.

त्या दिवसांत सामायिक लॉगिन ही वस्तू सामान्य माणसास ठाऊक नव्हती. जे होते ते अधिक भयंकर होते. नवे संकेतस्थळ तुमचे मित्र शोधून देण्याच्या निमित्ताने तुमच्या ई-मेलचा पासवर्डच मागत असे आणि आपण तो देत असू. आम्हीही एकदा दिला. त्या स्थळाने आमच्या पत्त्यांच्या यादीतील प्रत्येकाला आमच्या नावाने निमंत्रण धाडले. मुख्याध्यापकांना, धर्मगुरूंना, विम्याच्या एजंटला आणि ज्यांच्याशी आमचे सात वर्षे बोलणे नव्हते त्या एका नातेवाइकालाही. ते नातेवाईक मात्र या निमंत्रणाने विरघळले आणि दिवाळीला घरी आले. तेवढा एक लाभ.

स्वतःची किल्ली परक्याच्या हाती देण्याची ही रीत मोडावी म्हणूनच सामायिक लॉगिनची कल्पना पुढे आली. कल्पना सोपी आहे. नवे स्थळ तुम्हांला तुमच्या मूळ खात्याच्या दाराशी पाठवते. पासवर्ड तुम्ही तेथेच सांगता. मूळ खाते नव्या स्थळाला एक चिठ्ठी देते: हा मनुष्य आमच्या ओळखीचा आहे, याला आत घ्या. किल्ली तुमच्याकडेच राहते, चिठ्ठी तेवढी फिरते.

आपल्या समाजाला ही पद्धत अगदी परकी नाही. बल्लारपूरच्या तरुणाचा विवाह नागपूरच्या मुलीशी ठरला म्हणजे त्याच्या स्नानसंस्काराचा दाखला मागविला जातो. नागपूरच्या धर्मगुरूंनी त्या तरुणाला पूर्वी पाहिलेले नसते, परंतु दाखला देणाऱ्या धर्मग्रामावर त्यांचा विश्वास असतो. विवाह झाला की त्याची खबर उलट जाते आणि मूळ धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्या तरुणाच्या नावापुढे लिहिली जाते. सामायिक लॉगिनमध्येही खबर अशीच उलट जाते. तुम्ही कोणत्या दारी गेलात हे चिठ्ठी देणाऱ्याला कळते. फरक एवढाच, आणि तो थोडा नव्हे, की धर्मग्रामाची नोंदवही कपाटात राहते. तिच्या आधारे कोणी तुम्हांला साबण आणि कर्ज विकायला येत नाही. शिवाय धर्मगुरू बदलले तरी वही तेथेच असते, आणि कोणी अडवून धरले तर महागुरूंकडे जाता येते. त्या मुलीला कोणाकडे जाता येत नव्हते.

आता या चिठ्ठ्या देणाऱ्यांची तुलना करू. या पद्धतीचा पहिला उदार प्रयत्न २००५ साली झाला. लाइव्हजर्नल हे रोजनिशीचे स्थळ उभारणाऱ्या ब्रॅड फिट्झपॅट्रिक या तरुण अमेरिकन प्रोग्रामरने ओपनआयडी नावाची पद्धत मांडली. तिच्यात चिठ्ठी देण्याचा मक्ता कोणा एकाकडे नव्हता. तुमची ओळख म्हणजे इंटरनेटवरील एक पत्ता. ज्याला जमेल त्याने तो स्वतः चालवावा, ज्याला जमणार नाही त्याने विश्वासातल्या कोणाकडून घ्यावा, आणि पुढे तो माणूस पटला नाही तर चिठ्ठी देण्याचे काम दुसऱ्याकडे न्यावे. कागदावर यापेक्षा न्याय्य व्यवस्था आम्हांस आजही सुचत नाही.

परंतु डिसेंबर २००८ मध्ये फेसबुक कनेक्ट सर्वांना खुले झाले आणि चित्र पालटले. गूगलनेही त्याच महिन्यात फ्रेंड कनेक्ट खुले केले. त्यात गूगलबरोबर याहूचे किंवा ओपनआयडीचे खातेही चालत असे. मायस्पेसनेही त्याच वर्षी असाच प्रयत्न आरंभिला होता. तिघांत फेसबुक जिंकले, आणि त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. ओपनआयडीच्या दारावर आपला पत्ता टंकायचा असे. माणसाला स्वतःची ओळख नावाने असते, पत्त्याने नव्हे. फ्रेंड कनेक्टच्या दारावर निरनिराळ्या खात्यांच्या खुणांची रांगच असे आणि मनुष्य गोंधळून जाई. फेसबुकचे एकच निळे बटण होते. शिवाय ऑर्कुट, मायस्पेस येथे टोपणनावांचा सुकाळ होता, तर फेसबुकचा आग्रह खऱ्या नावाचा. म्हणून दुकानदारांना, वृत्तपत्रांना, ॲप बनविणाऱ्यांना त्याची चिठ्ठी अधिक भरवशाची वाटली. तिच्याबरोबर मित्रांची यादीही येत होती, हे त्याहून मोठे आमिष. गूगलने २०१२ साली फ्रेंड कनेक्ट गुंडाळले. मायस्पेसची पुढची अवस्था तर केविलवाणी. २०१६ पूर्वी लोकांनी तेथे चढविलेली गाणी एका स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले.

ओपनआयडीच्या अपयशाचे आणखी एक कारण आहे. ते आम्हांस संगणकाच्या पुस्तकातून कळले नसते. त्यासाठी आम्हांस धानोरा तालुक्यात जावे लागते. हा विषयांतराचा मोह नव्हे, हे पुढे दिसेल.

गडचिरोलीच्या जंगलातील बांबू आमच्या लहानपणापासून ट्रकांवर लादून बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाताना आम्ही पाहिला. ज्या गावांच्या शिवारात तो वाढला, त्या गावांतील माणसाने त्याची एक मोळी बाहेर नेली तर नाक्यावर विचारणा होई. वाहतूक परवाना कुठे आहे? लोक त्याला ‘टी. पी.’ म्हणत. परवान्यावाचून बांबू म्हणजे चोरीचा माल. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्यात बांबू हे गौण वनोपज आहे असे स्वच्छ लिहिले होते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचे पत्र मिळाले. देशात हा मान मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. देवाजी तोफा यांच्यासारख्या माणसांच्या कित्येक वर्षांच्या चिकाटीचे ते फळ. परंतु हक्काचे पत्र हाती आले तरी बांबू जागचा हलेना. १९२७ च्या जुन्या वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ होता, आणि परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटात होते. मालकी गावाची आणि चिठ्ठी दुसऱ्याची, अशी ती स्थिती. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिले. मेंढ्याने स्वतःच्या परवान्यावर बांबू विकला. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने नियमच बदलले आणि असा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

आम्ही बराच काळ असे समजत होतो की या गोष्टीतील मर्म ‘पुस्तक गावाच्या हाती आले’ यात आहे. अर्थात ते आहेच. परंतु मुलीच्या प्रश्नाने आम्हांस दुसरी बाजू दिसली. पुस्तक कोणीही छापून घेऊ शकतो. मेंढ्याच्या परवान्याला किंमत आली ती नाक्याने तो मानला म्हणून, आणि नाक्याने तो मानला कारण आता न मानण्याची सोय राहिली नव्हती. ओपनआयडीला असा नाका मिळाला नाही. याहूसारख्या मोठ्या कंपन्यांनी मोठ्या उत्साहाने ‘आमची चिठ्ठी घ्या’ असे जाहीर केले. दुसऱ्याची चिठ्ठी आपल्या दारी चालवून घेण्यास मात्र मोठ्यांपैकी फारसे कोणी राजी नव्हते. सर्वांना पाटील व्हायचे होते, गावकरी कोणालाच नाही. स्वतःच्या नावाचा पत्ता घेऊन बसलेला साधा मनुष्य मग कोणत्या दारी जाणार? तो त्या एका निळ्या बटणाकडे गेला.

त्या बटणाची किंमत पुढे मार्च २०१८ मध्ये जगाला कळली. त्याआधी काही वर्षे एका प्रश्नावलीच्या ॲपवर लोकांनी फेसबुकच्या खात्याने प्रवेश केला होता. त्या काळात चिठ्ठीबरोबर प्रवेश करणाऱ्याचीच नव्हे, तर त्याच्या मित्रांचीही माहिती जात असे. फेसबुकने ही वाट २०१४-१५ मध्ये बंद केली, पण तोवर माहिती केम्ब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराच्या धंद्यातील कंपनीपर्यंत पोहोचली होती. फेसबुकनेच नंतर दिलेल्या आकड्यांनुसार भारतात ते ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते आणि त्यांच्यापायी एकूण ५ लाख ६२ हजार ४५५ माणसांची माहिती गेली असण्याची शक्यता होती. ३३५ माणसे म्हणजे आमच्याकडचे एक लहानसे गाव. एका लहानशा गावाने दार उघडले आणि एका मोठ्या शहराएवढ्या माणसांच्या घरात परका शिरला. त्याच वर्षी सप्टेंबरात सुमारे ५ कोटी खात्यांच्या चिठ्ठ्याच चोरीस गेल्याची भीती फेसबुकने जाहीर केली. पुढे हा आकडा ३ कोटींच्या आसपास निघाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर चोरी नव्हती, बिघाड होता. फेसबुक, व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले आणि फेसबुकच्या खात्यावर ज्या ज्या दुकानांची दारे उघडत तेथेही माणसे बाहेर ताटकळली.

गूगलची चिठ्ठी त्या मानाने मितभाषी आहे. ती साधारणतः नाव, ई-मेल आणि छायाचित्र एवढेच सांगते. परंतु गूगलने आपली ऑर्कुट आणि गूगल प्लस ही दोन्ही समाजस्थळे गुंडाळली, दुसरे २०१९ मध्ये, तरी खाते ठेवले. यावरून त्याच्या लेखी मैत्री गौण आणि ओळखपत्र मुख्य, हे उघड होते. ट्विटरची चिठ्ठी आरंभीची काही वर्षे ई-मेलही देत नसे. तेथे टोपणनाव चाले. पण कित्येक ॲपे तुमच्या वतीने तेथे लिहिण्याची परवानगी मागत आणि आपण न वाचता देत असू. ॲपलने २०१९ मध्ये आणलेली पद्धत आम्हांस सर्वांत सभ्य वाटली. तुमचा खरा ई-मेल झाकून ती दारागणिक एक वेगळा, बनविलेला पत्ता देऊ शकते. मात्र तो सभ्यपणा महागड्या फोनाबरोबर येतो. एटापल्लीच्या मुलीला सभ्यता परवडत नाही.

आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर जी माणसे या जगात आली, त्यांच्यापैकी कित्येकांनी ई-मेल कधी पाहिलाच नाही. त्यांची ओळख म्हणजे दहा आकड्यांचा मोबाइल क्रमांक. व्हॉट्सॲप क्रमांकावर चालते. बंगळुरूत २०१५ साली जन्मलेल्या शेअरचॅटवर मराठीत वावरणारा मनुष्यही क्रमांकानेच आत येतो. २०२४ साली बंद पडलेल्या कू या देशी स्थळावरही त्याच रीतीने प्रवेश मिळे. अंक येतो, अंक टाकायचा, झाले. पासवर्ड लक्षात ठेवणे नको. आमच्या मते साऱ्या चिठ्ठ्यांत ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कच्ची. रिचार्ज चुकले की क्रमांक जातो, आणि क्रमांकाबरोबर माणूस जातो. वर्षानुवर्षे पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटत असे. त्या दिवसांत ज्याच्या फोनला ‘रेंज’ नाही त्याला अंक कसा यावा, याचा विचार ही पद्धत आखणाऱ्यांनी केला असेल असे आम्हांस वाटत नाही.

सरकारही आता चिठ्ठी देऊ लागले आहे. जुलै २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ ही व्यवस्था जाहीर झाली. एका खात्यावर अनेक सरकारी सेवांची दारे उघडावीत असा तिचा हेतू. काही मित्र म्हणतात की सारे सरकारच्या हाती देणे धोक्याचे. धोका आहेच. परंतु तहसील कचेरीत निदान एक टेबल असते, त्यामागे एक मनुष्य असतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकता येतो आणि अखेर न्यायालय आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. तेथेही सारे सुरळीत नाही, हे आम्ही आडनावांवरून सांगू शकतो. आमच्या जुन्या हजेरीपटातील एकेक गोंड, माडिया आडनाव शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने आणि बँकेत तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले आहे. इंग्रजी अक्षरांत तर विचारू नये. हजेरीपट लिहिणारा हात आमचाच होता. मुलाने सांगितलेला उच्चार आमच्या कानाला जसा आला तसा आम्ही लिहिला, आणि आज त्या अक्षरावरून त्यांची नातवंडे खिडकीवरून परत पाठविली जातात.

मुलीकडे वळू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला घेऊन बसलो. आधी तिच्या नावाने, तिच्या स्वतःच्या क्रमांकावर, एक साधा ई-मेल उघडला. मग परीक्षेच्या ॲपवाल्यांना पत्र लिहिले. शुल्क बँकेतून भरले होते, त्याची नोंद खातेपुस्तकात होती, ती जोडली. चौथ्या दिवशी तिकडून फोन आला. बोलणारी एक तरुणी होती. तिने दोन प्रश्न विचारले आणि जुना अभ्यास नव्या खात्यावर वळवून दिला. नोकरीच्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर नव्याने नाव नोंदविले. तेथे गमावण्यासारखे काही नव्हते. मूळ समाजमाध्यमाकडे आम्ही तीनदा दाद मागितली, तीनदा तेच उत्तर आले, शब्दशः तेच. छायाचित्रांच्या ॲपकडून उत्तरच नाही.

आमच्या सल्ल्याविषयी आम्ही तिची क्षमा मागितली. ती गोंधळली; शिक्षकाने क्षमा मागावी ही गोष्ट तिच्या परिचयाची नसावी. आता आम्ही तिला एक वही दिली आहे. दर दारासाठी वेगळा पासवर्ड, वहीत लिहिलेला, वही पत्र्याच्या पेटीत. संगणकाचे जाणकार या उपायाला हसतात. पासवर्ड सांभाळणारी चांगली ॲपे आहेत, असे आमचा पुतण्या म्हणतो, आणि ते खरेही असेल. पण त्या ॲपांनाही एक मूळ पासवर्ड लागतो आणि तो कुठे लिहून ठेवावा, असे विचारले की तोही वहीच सांगतो.

छायाचित्रांपैकी एक मिळाले. तिच्या चुलतभावाच्या फोनात, व्हॉट्सॲपवर कधीकाळी पाठविलेले, बारीक आणि थोडे धूसर. आम्ही दोघे ते घेऊन गांधी चौकाजवळच्या एका स्टुडिओत गेलो. वडील डोक्याला फेटा बांधून उभे आहेत, मागे मोहाचे झाड आहे, हसू अर्धवट आहे. स्टुडिओवाल्याने डोळे बारीक करून पाहिले आणि फार मोठे करू नका, फाटेल, पोस्टकार्डाएवढे चांगले येईल, असे सांगितले. मग पावतीपुस्तक ओढून त्याने विचारले, “नाव काय लिहू?”

तिने नाव सांगितले. आडनावाशी तो अडखळला. तिने ते पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर उच्चारून सांगितले, आणि तिने सांगितले तसे त्याने लिहिले.